परळचें बिऱ्हाड

माजिवड्याचा नाका ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांस तेथील गर्दीविषयीं निराळें सांगावयास नको. नाशिककडून येणारा रस्ता आणि घोडबंदरकडून येणारा रस्ता येथें एकमेकांस मिळतात व तेथून सगळी वाहतूक मुंबईकडे वळते. भाजीचे टेंपो, दुधाच्या गाड्या, नोकरदारांच्या मोटारी यांच्या बरोबरीनें आणखी एक वर्ग या रस्त्यानें मुंबईस जात असतो, पण त्याच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. खानदेशांतून किंवा नाशिककडून रात्रभर प्रवास करून आलेल्या गाडींत एखादी बाई मांडीवर चार-पांच वर्षांचें मूल घेऊन बसलेली असते. मुलाच्या तोंडावर कापडी पट्टी, डोक्यावर टोपी, आणि बापाच्या हातांत प्लास्टिकच्या पिशवींत जपून गुंडाळलेले कागद. त्यांस परळास जावयाचें असतें.

कर्करोग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें उतारवयांतील माणूस उभें राहतें. तंबाखू, विडी, वय अशा कारणांची मनांत जुळवाजुळव करून आपण स्वतःस धीर देतों. लहान मुलांच्या कर्करोगास यांपैकीं एकही कारण लागू पडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९ वर्षांपर्यंतच्या सुमारें ४ लक्ष मुलामुलींस दरवर्षीं हा विकार जडतो. त्यांत सर्वांत मोठा वाटा रक्ताच्या कर्करोगाचा असतो. हा रोग संसर्गानें होत नाहीं. बहुतेक मुलांच्या बाबतींत तो आईबापांकडून आलेलाही नसतो. आई ग्रहणांत बाहेर पडली म्हणून, गर्भारपणीं तिनें कांहीं खाल्लें म्हणून, किंवा मुलास कोणाची दृष्ट लागली म्हणून तो होत नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहीत आहों. शिकल्यासवरल्या घरांतही दुखण्याचें नांव कळल्यावर आठवड्याच्या आंत कोणी ना कोणी सुनेकडे बोट दाखवितें. आणि ती बिचारी तर तोच प्रश्न आधींपासून स्वतःस विचारीत असते.

या दुखण्याच्या खुणा साध्याच असतात, म्हणून त्या चुकतात. ताप दोन-तीन आठवडे येत-जात राहतो, मूल फिकट पडतें, खेळ सोडून आडवें होतें, पाय दुखतात म्हणून रात्रीं रडतें, कांहीं न लागतां अंगावर काळेनिळे डाग उठतात, दांत घासतांना हिरड्यांतून रक्त येतें. पोटांत हातास लागणारी गांठ, सकाळीं उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी, छायाचित्रांत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसणें, ह्याही खुणाच होत. यांतली एखादी दिसली म्हणजे कर्करोगच झाला असें मुळींच नाहीं. बहुतेक वेळां कारण साधेंच निघतें. पण दोन आठवडे उलटूनही ताप उतरत नसेल तर रक्ताची साधी तपासणी करून घेण्यास कितीसा वेळ लागतो? ठाण्यांत ती गल्लोगल्लीं होते.

आतां परळाकडे वळूं. टाटा स्मारक रुग्णालय ज्या दुःखांतून उभें राहिलें तेंही घरचेंच होतें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या व दुसऱ्या वर्षीं दोराबजीही गेले. त्यांच्या नांवच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं ८० खाटांचें हें रुग्णालय उघडलें. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. मेहेरबाई ज्या दुखण्यानें गेल्या त्यावर त्या वेळीं जगांतील कोणत्याही वैद्याजवळ उतारा नव्हता.

उताऱ्याचा धागा मात्र याच परळांत सांपडत होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी १९२८ सालीं हिंदुस्थानांत आल्या व हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या. ही संस्था टाटा रुग्णालयापासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईंतील गरीब गर्भवती स्त्रियांस, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या बायकांस, एक प्रकारचा जीवघेणा पांडुरोग होत असे. यीस्टचा अर्क खाऊं घातल्यानें त्यांचें रक्त भरून येतें, असें विल्सबाईंनीं १९३१ सालीं दाखवून दिलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्यास पुढें फोलिक आम्ल हें नांव मिळालें. अमेरिकेंतील लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेंत यल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्र शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि पाठोपाठ त्याच्या उलट काम करणारीं द्रव्यें तयार झालीं. हीं उलटीं द्रव्यें बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांस दिलीं. जून १९४८ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या हकीकतींत १६ मुलांपैकीं १० मुलांस उतार पडल्याचें नमूद आहे. तो उतार कांहीं महिनेच टिकला. पण या रोगांत औषधानें रक्त सुधारूं शकतें हें त्यावरून दिसून आलें. त्याच कुळींतलें मेथोट्रेक्सेट हें औषध आजही या मुलांस बराच काळ आठवड्यांतून एकदां घ्यावें लागतें. परळच्या गिरणींतल्या बायकांच्या रक्तापासून निघालेली वाट बॉस्टनमार्गें पुन्हां परळांत आली ती अशी.

आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकीं ऐंशींहून अधिक बरीं होतात. गरीब देशांपैकीं पुष्कळांत हेंच प्रमाण तिसांच्याही खालीं आहे. मुख्य औषधें तींच आहेत, ग्रंथही तेच आहेत. निदान उशिरां होणें, तज्ज्ञ जवळ नसणें, औषधांचा तुटवडा, हीं कारणें आहेतच. परंतु एक कारण असें आहे कीं तें रुग्णालयाच्या भिंतींच्या बाहेर घडतें, तें म्हणजे उपचार अर्ध्यावर सुटणें.

रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार मुलांत सर्वांत अधिक आढळतो त्याचा उपचार दोन ते अडीच वर्षें चालतो. पहिले कांहीं महिने फार कठीण जातात. सलाईन, पाठीच्या कण्यांत इंजेक्शनें, केस गळणें, तोंड येणें, पांढऱ्या पेशी उतरल्या कीं ताप. पुढें घरीं गोळ्या आणि ठराविक दिवसांनीं तपासणी असा क्रम सुरू होतो. मूल तोंवर हसूं-खेळूं लागलेलें असतें. बापाची मजुरी बुडालेली असते, गांवीं दुसऱ्या दोन मुलांस आजी सांभाळीत असते, पेरणी तोंडावर आलेली असते. 'आतां बरा दिसतो कीं!' असें म्हणून गाडी धरली जाते. रोग मात्र गेलेला नसतो. तो परत येतो तेव्हां पहिल्याहून हट्टी होऊन येतो. टाटा रुग्णालयाच्या बालविभागांत २००९ च्या सुमारास शंभरांतील सुमारें वीस मुलांचा उपचार सुरूच होत नसे किंवा मध्यें सुटत असे. पुढें रुग्णालयानें मुलांसाठीं निराळा निधि उभारला, समाजसेवक नेमले, राहण्याची सोय करणाऱ्या संस्थांशीं संधान बांधलें, न आलेल्या मुलांच्या घरीं फोन करण्याची पद्धत घातली. थोड्याच वर्षांत हें प्रमाण शंभरांत पांचांच्या आसपास आलें. एवढा फरक नव्या औषधानें पडला नव्हता. राहावयास जागा, पोटास अन्न, गाडीभाडें आणि कोणीतरी विचारपूस करणारें माणूस, एवढ्यानेंच पडला होता.

जागेचा प्रश्न तर परळांत सर्वांत बिकट आहे. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बिऱ्हाडें मांडून राहिलेलीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस हें सांगणें नको. गाडगेबाबांनीं मंदिरें न बांधतां धर्मशाळा कां बांधल्या, याचा उलगडा अशा ठिकाणीं होतो. दादरची त्यांच्या नांवची धर्मशाळा व परळचें नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवा सदन यांनीं आजवर कितीतरी रुग्णांच्या माणसांस छप्पर दिलें आहे. पण पेशी उतरलेल्या मुलास नुसतें छप्पर पुरत नाहीं, तर जागा स्वच्छ आणि स्वतःची असावी लागते.

ही गोष्ट ओळखून निहाल व श्यामा कविरत्ने या दांपत्यानें २००६ सालीं मुंबईंत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था काढली. आतां कॉटन ग्रीन व खारघर येथें, शिवाय कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, गुवाहाटी अशा शहरांतही तिचीं केंद्रें आहेत. बाहेरगांवाहून उपचारास आलेल्या मुलास आईबापांसह तेथें राहतां येतें. भाडें घेत नाहींत. प्रत्येक कुटुंबास आपापली जागा, शिधा, मुलांसाठीं शिकवणी, आईबापांस धीर देणारीं जाणतीं माणसें, रुग्णालयांत नेणारी गाडी. आम्हांस या व्यवस्थेंत सर्वांत मोलाची वाटली ती स्वयंपाकघराची रचना. ओटा सामाईक, पण शेगडी प्रत्येकीची निराळी. तयार जेवणाचा डबा हातीं देणें संस्थेस कदाचित् सोपें गेलें असतें. परंतु ज्या बाईच्या हातांतून मुलाचें दुखणें, औषध, वेळापत्रक, सर्व कांहीं दुसऱ्यांनीं काढून घेतलें आहे तिच्या हातीं निदान वरणभात तरी राहतो. बिहारची बाई आणि सोलापूरची बाई शेजारीं शेजारीं उभ्या राहून रांधतात. तोंड आलेल्या मुलास काय गिळवतें हें जुनी बाई नवीला सांगते, आणि तें कोणत्याही परिचारिकेच्या सांगण्यापेक्षां लवकर पटतें. म्हणजे घरीं जी जाऊ किंवा नणंद असती ती येथें भेटते.

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं घरें मोठीं आहेत. तेव्हां माजिवड्यांतीलच आपल्यासारखें एखादें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. आजोबा निवृत्त, आजींचे गुडघे दुखतात, थोरला मुलगा व सून नोकरीवर, धाकटी सून घरीं, नातवंडें तीन-चार. त्यांतल्या धाकट्याच्या चार वर्षांच्या मुलास हें दुखणें निघालें. या घरास परळांत जागा शोधावी लागत नाहीं. परंतु सकाळच्या गर्दींत ठाण्याहून लोकलनें असें मूल नेणें धोक्याचें, आणि टॅक्सी रोज परवडत नाहीं. थोरल्या भावानें ठरल्या दिवशीं रजा काढून आपली मोटार काढावी, हाच येथें भाऊपणा. जावेनें धाकटीचा सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा, आणि घेतल्यावर तो चारचौघींत बोलून दाखवूं नये. आजोबांनीं कागदपत्रें सांभाळावीं. तारीखवार तपासण्या, गोळ्यांची नोंद, तापाची नोंद. निवृत्त मास्तरास किंवा कारकुनास याहून शोभणारें काम नाहीं. थर्मामीटरांत पारा १००.४ अंशांवर गेला कीं मध्यरात्र असली तरी रुग्णालय गांठावयाचें, तापाची गोळी देऊन उजाडण्याची वाट पाहावयाची नाहीं, हा नियम त्यांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आणि आजींनीं आपलें सोवळें बाहेर काढावें! हात धुतल्याशिवाय मुलास शिवावयाचें नाहीं, बाहेरचे कपडे बदलल्याशिवाय खोलींत यावयाचें नाहीं, पाणी उकळलेलें, अन्न ताजें, उष्टें-खरकटें मुळींच चालावयाचें नाहीं. ज्या नियमांवर नातवंडें आजवर हंसलीं तेच डॉक्टर छापील कागदावर देतात. मात्र आजींसही कांहीं सोडावें लागेल. कच्च्या दुधाचें पंचामृत, देवळांतील तीर्थ, न धुतलेलीं तुळशीचीं पानें मुलास देतां येणार नाहींत. हळदीकुंकू, मुंजी, बारशीं यांच्या गर्दींत त्यास नेतां येणार नाहीं. समाचारास येणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या माणसास दारांतूनच परत पाठवावें लागेल. आणि रागावणारे रागावतील. केस गेले तर मुलग्याचें डोकें मुंजीच्या बटूसारखें दिसतें म्हणून घरांत हसणें तरी होतें. मुलीच्या बाबतींत तें अवघड जातें. तिला आधींच सांगून ठेवावें कीं ते जातील आणि पुन्हां येतील.

घरांतील दुसऱ्या मुलांकडे कोणाचेंच लक्ष नसतें. त्या आजारी मुलाची आठ वर्षांची बहीण बंद दारापलीकडची कुजबुज ऐकते. तिच्या शाळेच्या डब्यांत तीन दिवस बिस्किटें जातात. महिन्यापूर्वीं भावाशीं भांडतांना 'मर' म्हटलेलें तिला आठवत असतें आणि तें ती कोणास सांगत नाहीं. तिला जवळ घेऊन रोगाचें नांव खरें सांगावें, तुझ्या बोलण्यानें कांहीं झालेलें नाहीं असें स्पष्ट सांगावें, आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ कोणी तरी केवळ तिच्यासाठीं ठेवावी.

एकत्र कुटुंबाचा एक मोठा दोषही येथेंच सांगितला पाहिजे. निर्णयास माणसें फार होतात. एक काका म्हणतात अमुक वैद्याचा काढा घ्या, आत्या म्हणतात नवस बोला, मामा परदेशाहून फोन करतात. काढे, चाटणें, भस्में डॉक्टरांस न सांगतां देऊं नयेत. चालू औषधांशीं त्यांचें वैर असूं शकतें. मत सर्वांनीं द्यावें, निर्णय मात्र आईबापांवर सोडावा. दुसरा दोष म्हणजे लपवालपवी. घरांत लग्नाची मुलगी आहे म्हणून दुखण्याचें नांव बाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं. मग रक्त कोण देणार, गाडी कोण काढणार?

सर्वांत अवघड गांठ अभिमानाची आहे. 'आपण कधीं कोणापुढें हात पसरला नाहीं' हें वाक्य अशा घरांत ठरलेलें. बायकोच्या पाटल्या मोडल्या जातील, भविष्यनिर्वाह निधि संपेल, गांवची जमीन जाईल, पण रुग्णालयांतील समाजसेवकाच्या खोलीचें दार ठोठावलें जाणार नाहीं. मग वर्ष सव्वा वर्षानें, उपचार अजून अर्ध्यावर असतांना, पैसे संपतात. या मंडळींस एकच विचारावेंसें वाटतें. आपल्यापैकीं कितीकांचे आजे-पणजे पुण्यास वार लावून जेवले व शिकले? सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं. त्यांत त्यांची मान खालीं गेली नाहीं. उलट तीं सात घरें त्यांनीं जन्मभर आदरानें सांगितलीं. मुलाच्या जिवासाठीं निधींतून मदत घेणें हा तसाच वार आहे. पाटल्या मोडण्यापूर्वीं त्या खोलींत जावें. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजना, रुग्णालयाचे निधि, बाहेरच्या संस्था, यांपैकीं आपल्याला काय लागू पडतें तें तेथें पहिल्या आठवड्यांतच कळतें.

ज्यांच्या घरीं ईश्वरकृपेनें असें कांहीं नाहीं त्यांनीं हाच वार उलट्या बाजूनें लावून द्यावा. वडिलांच्या तिथीस एकदांच मोठी देणगी देण्यापेक्षां दरमहा थोडी रक्कम संस्थेस अधिक उपयोगी पडते, कारण शिधा दर आठवड्यास लागतो. ज्यांस पैसा देणें जमत नाहीं त्यांनीं प्लेटलेट द्यावे. रक्तांतील हा भाग पांच-सहा दिवसांपलीकडे साठवून ठेवतां येत नाहीं, म्हणून त्याची गरज कधींच भागून जात नाहीं. आणि निरोगी माणसास तो थोड्याच दिवसांनीं पुन्हां देतां येतो. घरांत चार तरुण मुलें असतील तर त्यांनीं वाटून घ्यावें.

लोकांच्या लहान देणग्यांनीं काय होतें याचा दाखला फार्बर यांच्याच गांवचा आहे. २२ मे १९४८ रोजीं अमेरिकेंत रेडिओवर एका आजारी मुलाचा आवाज ऐकविला गेला. त्याचें खरें नांव न सांगतां त्यास 'जिमी' म्हटलें. हा मेन प्रांतांतील शेतकऱ्याचा मुलगा, आंतड्यांत कर्करोग झालेला, आणि त्यास बेसबॉलचा सामना पाहावयास टेलिव्हिजन हवा होता. लोकांनीं २ लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली व तिच्यांतून मुलांच्या कर्करोगाचा मोठा निधि उभा राहिला. जिमी लौकरच वारला असावा असें सर्वांनीं धरून चाललें होतें. १९९८ सालीं उघडकीस आलें कीं तो जिवंत असून ट्रक चालवितो, आणि त्यास नातवंडें आहेत.

परळांतही असे जिमी आहेत. टाटा रुग्णालयांत फेब्रुवारी १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठीं एक निराळा दवाखाना चालतो. बरीं झालेलीं मुलें तेथें ठराविक काळानें येत राहतात. त्यांची उंची-वजन पाहतात, औषधांचा हृदयावर किंवा वाढीवर कांहीं परिणाम राहिला आहे का तें तपासतात, आणि शाळा कशी चालली आहे, नोकरी लागली का, लग्न ठरलें का, हेंही विचारून कागदावर लिहून घेतात.